स्पोक फिरू द्या, चेहरा थांबवा

वाचकांचे प्रश्न : जुन्या शर्यतीच्या गाड्या आणि त्यांची माणसं

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच विषयावरचे आहेत : जुन्या शर्यतीच्या मोटारी, मोटारसायकली आणि त्यांच्यापायी वेडी झालेली माणसं यांचे फोटो. प्रश्नांत कॅमेऱ्याबद्दल पुष्कळ आहे, यंत्राबद्दल फार थोडं. आमची उत्तरं थोडी उलट्या बाजूने जातील. मॅग्नेटोवरचं (बॅटरीशिवाय ठिणगी पाडणाऱ्या यंत्रावरचं) इंजिन कसं सुरू होतं हे ठाऊक असलं, तर माणूस पुढच्या क्षणी कुठे वाकणार, त्याचा हात कुठे जाणार, हे आधीच कळतं. महागडी लेन्स ते सांगत नाही.

प्रश्न : धावत्या विंटेज गाडीचा फोटो १/१००० सेकंदाने काढला, तर ती रस्त्यात उभी करून ठेवल्यासारखी दिसते. १/३० ने काढला तर सगळंच हलतं. मधला आकडा कोणता?

आकडा गाडीचं चाक ठरवतं. जुन्या गाडीच्या चाकाचा टायरसकट व्यास साधारण ७० सेंटिमीटर धरा; परीघ होतो २.२ मीटर. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर, म्हणजे चाकाच्या सेकंदाला साडेबारा फेऱ्या. १/१००० सेकंदात ते चाक जेमतेम साडेचार अंश फिरतं, म्हणून गाडी उभी वाटते. १/२५० ला १८ अंश, १/१२५ ला ३६ आणि १/६० ला ७५ अंश.

आता चाक कोणत्या जातीचं आहे ते बघा. तारांच्या स्पोकचं असेल तर तारा इतक्या दाट असतात, की १/२५० लाच त्यांची जाळी विरघळते. बुगाटी टाइप ३५ या रेसिंग गाडीची चाकं वेगळी. १९२४ मध्ये आलेल्या या गाडीला ॲल्युमिनियमची ओतीव चाकं होती, आठ रुंद, चपट्या स्पोकची. दोन स्पोकमधलं अंतर ४५ अंशांचं, त्यामुळे चाक फिरल्यासारखं दिसायला १/१२५ किंवा त्याहून हळू शटर लागतं. घाटाच्या शर्यतीत हेअरपिन वळणावर गाडी ताशी ४० पर्यंत उतरते. तिथे १/१२५ ला चाक फक्त १४ अंश फिरतं, म्हणून १/६० किंवा १/३० वर या. सरळ रस्त्यावर चांगला आलेला आकडाच वळणावर वापरला, की फोटो मरतो तो इथे.

सवय करताना १/२५० पासून सुरुवात करा. १/१२५ ला जमायला लागलं की १/६०. १/३० ला बहुतेक फोटो वाया जाणार हे धरूनच चाला.

उभं राहताना पावलं जिथे शटर दाबायचं आहे त्या दिशेला रोवा आणि कमरेतून मागे वळून गाडी लांबूनच फ्रेममध्ये घ्या. उलटं केलं, म्हणजे पावलं येणाऱ्या गाडीकडे ठेवली, तर ऐन क्षणी कंबर अडते आणि कॅमेऱ्याला झटका बसतो. शटर दाबल्यावरही गाडीबरोबर वळत राहा. लेन्समध्ये कंपन रोखायची सोय असेल, तर फक्त उभं हलणं रोखणारा पर्याय निवडा. नाहीतर ती सोय तुमच्या आडव्या वळण्याशीच भांडत बसते.

आणखी एक तक्रार नेहमी येते : चालक स्पष्ट, पण गाडीचं नाक धूसर. ती चूक हाताची नाही. गाडी जवळून जाताना तिचं नाक आणि शेपूट कॅमेऱ्यासमोरून वेगवेगळ्या कोनीय वेगाने सरकतात, त्यामुळे एकच भाग स्थिर राहू शकतो. तो भाग चालकाचं डोकं असू द्या. नाकही हवं असेल तर मागे सरका आणि लांब लेन्स लावा.

भर उन्हात आयएसओ १०० ला १/३० सेकंद ठेवायचं, तर ॲपर्चर एफ/२२ च्याही पलीकडे जातं. इतक्या बारीक छिद्रातून विवर्तनामुळे सगळं चित्र मऊ पडतं, सेन्सरवरचा एकूण एक धुळीचा कण दिसतो तो वेगळाच. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड आठपट कमी करणारी गडद काच) लावला की एफ/११ च्या आसपास काम होतं.

प्रश्न : इलेक्ट्रॉनिक शटरने आवाज होत नाही म्हणून तेच वापरतो. पण पॅनिंग केलं, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा वळवला, की मागचे खांब तिरके येतात आणि स्पोक वाकतात. सेन्सर बिघडला आहे का?

नाही. सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, ओळीओळीने वाचतो. वाचून होईपर्यंत तुम्ही वळलेले असता, चाकही फिरलेलं असतं. मेकॅनिकल शटर लावा, बहुतेक तिरकेपणा जाईल. नाहीतरी तापलेल्या रेसिंग इंजिनाशेजारी शटरचा आवाज कोणाला ऐकू येणार आहे?

हा दोष शंभर वर्षांहून जुना आहे. फ्रेंच छायाचित्रकार झाक आंरी लार्तिग यांचा १९१२ चा म्हणून ओळखला जाणारा ग्रां प्रीचा फोटो आठवा. गाडीचं चाक पुढे झुकलेलं लंबगोल, मागची माणसं उलट्या दिशेला कललेली. त्यांच्या कॅमेऱ्यात शटरची फट फोटोच्या काचेवरून (तेव्हा फिल्मच्या जागी असणाऱ्या प्लेटवरून) सावकाश उभी सरकत होती. ते गाडीबरोबर वळले, पण गाडीच्या वेगाला पुरे पडले नाहीत. म्हणून गाडी एकीकडे झुकली आणि माणसं दुसरीकडे. आज तोच फोटो वेगाचं चित्र म्हणून दाखवतात. तेव्हा तिरके खांब सरसकट पुसून टाकू नका. एखादा ठेवण्याजोगा निघतो.

प्रश्न : इंजिन सुरू करतानाचा क्षण हवा असतो, पण दर वेळी मी चुकीच्या जागी असतो. कुठे उभं राहावं?

आधी क्रम पाठ करा. हँडल मारून सुरू होणाऱ्या जुन्या मोटारीत साधारण असं होतं : पेट्रोलचा कॉक उघडतात. टाकीत हवेचा दाब लागत असेल तर हातपंप मारतात. मग स्टिअरिंगवरच्या छोट्या दांड्याने स्पार्क मागे घेतात, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असं करतात. हे विसरलं तर पिस्टन वर पोचायच्या आतच स्फोट होतो, हँडल उलटं फिरतं आणि मनगट मोडू शकतं. म्हणून जाणता माणूस अंगठा हँडलभोवती गुंडाळत नाही, बोटांच्याच बाजूला ठेवतो, आणि हँडल खाली दाबण्याऐवजी वर ओढतो. हा अंगठा म्हणजे फोटो आहे. ज्याला हे माहीत नाही तो फक्त वाकलेली पाठ टिपून घरी जातो.

जागा : गाडीच्या पुढच्या कोपऱ्यापासून तिरकं, दोन ते तीन मीटरवर, गुडघ्यावर बसून. थेट समोर कधीच नाही. चुकून गिअर पडलेला असेल, तर इंजिन पेटताक्षणी गाडी पुढे उडी घेते. शटर १/१२५; चेहरा थांबतो आणि हँडल थोडं हलतं. हँडल पहिल्यांदा वर येताना एक फोटो, आणि इंजिन पेटल्यावर माणूस सरळ होतो तेव्हा दुसरा. पेटल्यावर तो कॅमेऱ्याकडे बघत नाही, कान देऊन ऐकत असतो. तो चेहरा मागून मिळत नाही.

मोटारसायकलचा क्रम निराळा. कार्ब्युरेटरवरची घुंडी पेट्रोल ओघळेपर्यंत दाबतात, स्पार्क मागे, मग किक हळूच दाबून कॉम्प्रेशन (पिस्टन हवा दाबतो तिथला अडसर) शोधतात, डीकॉम्प्रेसरचा, म्हणजे तो दाब सोडणारा, दांडा ओढून पिस्टन जरा पुढे नेतात आणि मग पूर्ण किक. कॉम्प्रेशन शोधतानाचे ते दोन-तीन सेकंद सगळ्यांत शांत असतात. अंगाचं सगळं वजन एका पायावर आणि नजर कुठेच नाही. पोर्ट्रेट तिथे घ्या. रेसिंग मोटारसायकलला पुष्कळदा किकच नसते, ती ढकलून सुरू करतात. तेव्हा दहा-पंधरा मीटर पुढे आणि बाजूला उभे राहा. चालक पळत येऊन आडवा बसतो तो क्षण तिथेच येतो.

इंजिन तापलं की संपलं असं समजून निघून जाऊ नका. बरेच जण इंजिन गरम प्रकारच्या स्पार्क प्लगवर तापवतात आणि शर्यतीआधी ते काढून थंड प्रकारचे बसवतात, कारण थंड इंजिनात थंड प्लग काजळी धरतो आणि शर्यतीच्या उष्णतेत गरम प्लग टिकत नाही. काढलेला प्रत्येक प्लग माणूस डोळ्यांसमोर धरून त्याचा रंग वाचतो. बदामी निघाला तर मिश्रण ठीक, काळा आला तर पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी. प्लग, बोटं आणि डोळे एका फ्रेममध्ये आपणहून येतात. तुम्हाला काही मांडावं लागत नाही.

प्रश्न : मालक कॅमेरा बघितला की बॉनेटवर हात ठेवून ताठ उभे राहतात. नैसर्गिक फोटो कसे मिळवायचे?

तो ताठ फोटो आधी काढा. मनापासून काढा. त्यांना तो हवा असतो, आणि तो मिळाला की माणूस सैल होतो. मग कॅमेरा खाली घेऊन यंत्राबद्दल असा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर हाताने द्यावं लागेल. ‘गाडी किती सालची?’ विचारलंत तर तोंडाने उत्तर मिळेल आणि हात खिशात राहतील. ‘चाक कसं काढता?’ विचारा. एकाच मधल्या नटवर बसणारं चाक असेल, तर तांब्याचा किंवा शिशाचा हातोडा निघतो (लोखंडी चालत नाही, नटाचे कान चेपतात) आणि कुठे, किती जोराने मारायचं ते तुम्हाला दाखवलं जातं. बोलता बोलता फोटो होतात.

वेळही सांभाळा. शर्यतीच्या आधीची वीस मिनिटं माणसाला एकटं सोडा. तेव्हा त्याच्या डोक्यात टायरची हवा आणि पहिलं वळण असतं. परत आल्यावरची पहिली पाच मिनिटं मात्र तुमची. गॉगल काढल्यावर डोळ्यांभोवती स्वच्छ गोल आणि बाकी चेहरा काजळी-तेलाने माखलेला. हे वळ पाणी पिऊन, तोंड पुसून होईपर्यंतच टिकतात. गाडी परत कुठे लावणार ती जागा आधी बघून ठेवा.

आणि गाडीला हात लावायच्या आधी विचारा. पट्ट्याचं बक्कल, जॅकेटची चेन, गळ्यात लोंबणारा दुसरा कॅमेरा, या तिन्हींनी जुन्या रंगावर ओरखडे पडतात. पेट्रोल भरताना फ्लॅश आणि मोबाइल दूर ठेवा.

प्रश्न : गॅरेजमध्ये चेहरा स्पष्ट येतो तर हात धूसर, हात स्पष्ट तर चेहरा धूसर. लेन्स ८५ मिमी एफ/१.८ आहे.

लेन्स चांगली आहे, कामाला चुकीची आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर दीड मीटरवरून ८५ मिमी लेन्स एफ/२ ला जेमतेम चार सेंटिमीटर खोली (पुढून मागे स्पष्ट राहणारं अंतर) देते, एफ/४ ला सात-साडेसात. कार्ब्युरेटरवरचा हात आणि चेहरा यांत ३० सेंटिमीटर तरी असतात. ३५ मिमी लेन्स त्याच अंतरावरून एफ/४ ला सुमारे ४४ सेंटिमीटर देते. मागची पान्यांची फळी आणि भिंतीवरचे जुने गॅस्केटही फ्रेममध्ये येतात, आणि ते यायलाच हवेत. फक्त चेहरा कडेला नेऊ नका, ताणला जातो.

फोटोवर पट्टे येत असतील तर दोष ट्यूबलाइटचा किंवा स्वस्त एलईडीचा. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. ६० हर्ट्झच्या देशात १/६० किंवा १/१२०. त्याहून बरं, वरचे दिवे बंद करायची परवानगी मागा आणि दारातून येणाऱ्या उजेडात काम करा. माणसाच्या हातातला तपासणीचा दिवा तेवढा चालू राहू द्या.

प्रश्न : पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमच्या बॉनेटवर मीच दिसतो. पोलरायझर लावूनही फरक नाही.

पडणारच नाही. पोलरायझर रंगावरची, काचेवरची, पाण्यावरची चमक कापतो. उघड्या धातूवरून परतणाऱ्या प्रकाशावर त्याचा जवळपास परिणाम होत नाही. जागा बदला, गडद कपडे घाला, आणि प्रतिबिंबात स्वतःऐवजी मालकाला उभं करा. पितळी दिव्याच्या वाटीत आलेला मालकाचा चेहरा ही जुनी युक्ती आहे, पण अजून चालते. एक्स्पोजर धातूच्या चकाकीवर धरा. काळ्या किंवा गडद हिरव्या गाडीने फ्रेम भरली, की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसून फोटो फिका करतो, तिथे ०.७ ते १ स्टॉप कमी करा.

प्रश्न : १९३८ ची गाडी विंटेज म्हणायची की नाही? मथळ्यात चूक झाली म्हणून मालक रागावले.

रागावणारच. ब्रिटनच्या १९३४ मध्ये स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या व्याख्येत विंटेज म्हणजे १९३० च्या अखेरपर्यंत बनलेली गाडी. त्यानंतरच्या निवडक चांगल्या गाड्यांना तिथे ‘पोस्ट-विंटेज थरोब्रेड’ म्हणतात. १९०५ ते १९१८ च्या एडवर्डियन, आणि त्याआधीच्या व्हेटरन. लंडन ते ब्रायटन फेरीत १ जानेवारी १९०५ पूर्वीच्याच गाड्या येतात त्या याच हिशेबाने. प्रत्येक देशाचे आणि क्लबचे नियम थोडे वेगळे असतात, म्हणून मथळ्यात शिक्का मारण्याऐवजी साल आणि मॉडेल लिहा.

प्रश्न : जुना काळ वाटावा म्हणून फोटो सेपिया करतो. मित्र हसतात.

मित्रांशी आम्ही सहमत आहोत. त्या काळच्या शर्यतींच्या फोटोंचं वेगळेपण तपकिरी छटेत कमी आणि फोटोच्या काचेच्या (प्लेटच्या) रंगदृष्टीत जास्त आहे. ऑर्थोक्रोमॅटिक काचा आणि फिल्म निळा-हिरवा बघत, लाल बघत नसत. त्यामुळे इटलीची लाल गाडी जवळपास काळी, फ्रान्सची निळी फिकी आणि आकाश कोरं पांढरं येई. तो परिणाम हवा असेल तर रंगीत फोटो कृष्णधवल करताना लाल वाहिनी (चॅनेल) पूर्ण खाली आणा, निळी वर न्या. किंमत चेहऱ्याला मोजावी लागते : कातडी काळपट होते, प्रत्येक डाग उठतो. तेलाने माखलेल्या म्हाताऱ्या चालकाला ते शोभतं, सगळ्यांना नाही.

दुसरा सापळा म्हणजे हिरवळीवरची लाल गाडी. नुसता रंग काढून टाकला, तर दोन्ही एकाच राखाडीत बुडतात. इथेही लाल खाली आणि हिरवा वर केला की गाडी सुटी होते.

मागे प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मोबाइल असतील तर कोणतीही छटा वाचवत नाही. खाली बसा, आकाश मागे घ्या. इंग्लंडमधल्या गुडवुडच्या रिव्हायव्हल या जुन्या गाड्यांच्या शर्यतीत (१९९८ पासून) प्रेक्षकही जुन्या काळचे कपडे घालून येतात, कारण तिथल्या सर्किटवर १९४८ ते १९६६ या काळात ज्या शर्यती झाल्या, त्यांचाच माहोल उभा करायचा असतो. पण तिथे मागची माणसं इतकी देखणी असतात, की गाडीकडे लक्ष जात नाही. तो निराळा त्रास.

प्रश्न : गाडीच्या कोणत्या बाजूला उभं राहावं?

बहुतेकदा उजव्या. युरोपातली बरीच सर्किट घड्याळाच्या दिशेने फिरतात, उजवी वळणं जास्त. म्हणून जुन्या रेसिंग गाड्यांत, अगदी फ्रेंच आणि इटालियन गाड्यांतही, चालक पुष्कळदा उजवीकडे बसतो. बाहेर बसवलेले हातब्रेक, गिअरही त्याच बाजूला. उजव्या वळणाच्या आतल्या अंगाने चालकाचा बाहेर आलेला कोपर दिसतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला मात्र, मार्शलने (शर्यतीच्या सुरक्षा-अधिकाऱ्याने) परवानगी दिलेली जागा सोडून, कुठेही थांबू नका. जुन्या गाडीचा ॲक्सल तुटून चाक निघतं तेव्हा ते तिकडेच जातं. जाळीमागून काढायचं असेल तर लेन्स जाळीला टेकवा, ॲपर्चर पूर्ण उघडा आणि जाळीच्या सावलीतला भाग निवडा. उन्हातली तार फोटोभर धुकं पसरवते.

प्रश्न : लेन्सवर तेलाचे थेंब उडाले. पुसले तर सगळीकडे पसरले.

इंजिनात एरंडेल असणार. जुन्या रेसिंग इंजिनांत ते अजून घालतात, त्याचा गोडसर वास लांबूनच येतो. ते वाळून चिकट होतं. कोरड्या कापडाने पसरतं, पण अल्कोहोलमध्ये विरघळतं. लेन्सच्या कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घ्या, मधून कडेकडे पुसा, दर वेळी नवा कागद. साध्या खनिज तेलावर अल्कोहोल फारसं चालत नाही, तिथे लेन्स साफ करायचं साबणी द्रावण लागतं. पुढच्या वेळी पुढे साधा यूव्ही फिल्टर लावून जा.

प्रश्न : फोटो इंटरनेटवर टाकताना काय झाकावं?

चॅसिस नंबरची पट्टी आणि इंजिनावरचा ठोकलेला नंबर. खोट्या गाडीला खऱ्या गाडीची ओळख चिकटवणाऱ्यांना हेच हवं असतं. गॅरेजचा पत्ता दिसेल असं दारही नको, आणि फोटोत साठवलेलं ठिकाण काढून टाका.

प्रश्न : मालकांना काय द्यावं? सगळे ४०० फोटो पेन ड्राइव्हवर दिले तर?

४०० कोणी बघत नाही. बारा निवडा, आणि त्यातला एक कागदावर. ८ × १२ इंचांच्या प्रिंटला २४०० × ३६०० पिक्सेल पुरतात. कागद अगदी चकचकीत नको, गॅरेजमधल्या बोटांचे ठसे उठतात, लस्टर (अर्धचकचकीत) घ्या. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, कडेच्या पांढऱ्या पट्टीमागे, गाडीचं साल-मॉडेल, माणसांची नावं, ठिकाण आणि तारीख लिहा. बॉलपेनाचा वळ पुढून उमटतो. फोटोत हातोडा धरून दिसणाऱ्या मदतनिसाचंही नाव घाला, आणि त्याच्यासाठी दुसरी प्रत काढा.